माहिती उपलब्ध नाही

कपाशीवर गुलाबी अळी पडायला लागली त्या वर्षांत मी यवतमाळला एका छोट्या कंपनीत वेबसाइट बनवायचं काम करत होते. कंपनी म्हणजे कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, थोडे कॉम्प्युटर आणि वीज गेली की किंचाळणारा एक इन्व्हर्टर. मी वणीची. अब्बा ट्रकच्या वायरिंगचं काम करायचे. शिकून मी पुण्याला नोकरीला लागले होते, पण अम्मीची तब्येत खालावली आणि परत आले. वणीत कोळसा होता, ट्रक होते, माझ्या कामाचं काही नव्हतं. म्हणून यवतमाळ. आठवडाभर तिथे एका खोलीत राहायचं आणि शनिवारी मारेगाववरून जाणाऱ्या बसने घरी यायचं, असं चालू होतं.

आमचे सर पूर्वी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. कॉलेजात मुलं येईनाशी झाली, वर्ग बंद पडले, तेव्हा त्यांनी ही कंपनी काढली. मंगल कार्यालयाचं बुकिंग, कापसाच्या जिनिंगमध्ये येणाऱ्या गाड्यांची नोंद, शाळांचे निकाल, जे येईल ते आम्ही करायचो. एक दिवस सर जिना चढून आले आणि धापा टाकतच म्हणाले, "या वेळेस काहीतरी कामाचं काम आलं."

काम एका संस्थेचं होतं. कपाशीवर फवारणी सुरू झाली की विषबाधेचे लोक आधी गावातल्या आरोग्य केंद्रात यायचे. तिथे सलाइन असायचं, इंजेक्शनं असायची, पण श्वास मंदावला तर लागणारं व्हेंटिलेटर नसायचं. मग तिथली सिस्टर एकेका मोठ्या दवाखान्याला फोन लावत बसायची. कुठे खाट आहे, कुठे व्हेंटिलेटर आहे, कुठे इंजेक्शनचा साठा संपलाय. तोवर पेशंट ओसरीत पडलेला. संस्थेला एक असं पान हवं होतं की सिस्टरने ते उघडलं की हे सगळं समोर दिसावं.

माहिती आमची नव्हती. ती एका मोठ्या शहरातल्या कंपनीकडे होती, जी बऱ्याच दवाखान्यांचा असा हिशेब आपल्या सर्व्हरवर ठेवायची. दुसऱ्याच्या सर्व्हरकडून माहिती मागायची एक ठरलेली पद्धत असते, तिला एपीआय म्हणतात. कोणत्या शब्दांत विचारायचं आणि उत्तर कोणत्या साच्यात येणार, हे त्यात ठरलेलं असतं. पण ती पद्धत कायमची नसते. कंपनी ती बदलते, नवी आवृत्ती काढते, जुनी काही दिवस चालू ठेवते आणि मग बंद करते. आमच्या वेळी दोन आवृत्त्या शेजारी शेजारी चालू होत्या. काही दवाखाने जुनीवर होते, काही नवीवर. आणि काही नुसते नावाला नवीवर होते. विचारावं तर निम्म्या गोष्टी त्यांच्याकडे आलेल्याच नसायच्या.

म्हणून मी ठरवलं की आवृत्तीचा नंबर विचारायचाच नाही. माझं पान दर वेळी प्रत्येक दवाखान्याला एकेक सोय विचारायचं. खाटा सांगतोस का? व्हेंटिलेटर सांगतोस का? इंजेक्शनचा साठा सांगतोस का? हो आलं तर तो चौकोन भरायचा. नाही आलं तर त्या चौकोनात राखाडी अक्षरात "माहिती उपलब्ध नाही" आणि खाली दवाखान्याचा फोन नंबर. केंद्रातल्या टॅबलाही ते असंच विचारायचं, कारण टॅब कुठे नवा होता, कुठे काच तडकलेला आणि ब्राउझर जुनापुराणा. तुला तुझं ठिकाण कळतं का? कळत असेल तर जवळचा दवाखाना आधी दाखव. नसेल तर तालुका विचार. कुठलीही एक गोष्ट नसली म्हणून सगळं पान कोसळायचं नाही.

हे योग्यच होतं. आजही मी तसंच लिहीन. सरांनी ते इंटरनेट बंद करून, जुन्या फोनवर, नव्या फोनवर उघडून पाहिलं आणि म्हणाले, "पडतच नाही हे. छान." अब्बांच्या फोनवरही ते उघडलं. अब्बांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "इसमें अपनी वणी किधर है?" मी दाखवली. त्यांना बरं वाटलं.

*

मारेगावच्या पुढे रस्त्याला लागूनच एक आरोग्य केंद्र होतं. माझी बस तिथूनच जायची, म्हणून तिथे शिकवायला जायचं काम माझ्याकडे आलं. तिथल्या सिस्टर पन्नाशीच्या होत्या. उंच, सावळ्या, केस घट्ट बांधलेले, पायात रबरी चपला. त्यांच्या टेबलामागे भिंतीवर बुद्धाचं आणि बाबासाहेबांचं चित्र होतं आणि त्याखाली लसीकरणाचा तक्ता. मी टॅब पुढे केला तेव्हा त्यांनी तो हातात घेतलाच नाही.

"मॅडम, आधी हे सांगा, हे चालते का बंद पडते? मागच्या साली एक आणलं होतं. लाल लाल लिहून ये आणि बंदच पडे."

"हे बंद पडणार नाही," मी म्हटलं.

त्यांनी पान पाहिलं. बोटाने हळूहळू खाली सरकवलं. मग एका चौकोनावर थांबल्या. "हे काय लिहिलं? औषध उपलब्ध?"

"इंजेक्शनचा साठा."

"मग इंजेक्शन लिहा ना. या दिवसांत औषध म्हटलं का लोक फवाऱ्याचंच समजते. पेशंटच्या माणसानं वाचलं तर म्हणन, दवाखान्यातबी तेच देऊन राह्यले का काय."

त्या हसल्या, मीही हसले आणि तो शब्द मी तिथेच बसून बदलला. त्यानंतर जवळपास दर शनिवारी मी त्यांच्याकडे उतरायचे. चहा व्हायचा. टॅबचं काही असलं तर पाहायचे आणि पुढची बस पकडायचे. मॅडमची मी कधी पोरी झाले ते कळलं नाही.

पहिला हंगाम बरा गेला. बरा म्हणजे लोक येतच होते. कपाशी त्या वर्षी माणसाच्या डोक्यावर गेली होती, फवारा मारला की तो परत तोंडावरच यायचा. पण पान उघडलं की चौकोन भरलेले असायचे. सिस्टरने एका म्हाताऱ्याला सरळ जिथे व्हेंटिलेटर मोकळं होतं तिथे पाठवलं आणि तो पायाने चालत परत आला, तेव्हा त्यांनी मला ऑफिसात फोन केला. "तुह्या पानावर पाहून धाडलता. आला वापस. इथंच बसून हाये, बिडी मागून राह्यला." मी तो फोन स्पीकरवर टाकून सगळ्यांना ऐकवला. त्या नोकरीतला तो एवढाच दिवस मला चांगला आठवतो.

*

पुढच्या वर्षी शहरातल्या कंपनीने तिसरी आवृत्ती काढली. त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यात नवल काही नव्हतं. त्यांना सगळं नव्याने मांडायचं होतं. नव्या मांडणीत इंजेक्शनचा साठा काढून टाकलेला होता. दवाखाने तो नीट भरत नाहीत, असं कारण दिलेलं होतं. व्हेंटिलेटरची माहिती होती, पण ती ज्यांनी वेगळा करार केला त्यांनाच. खाटांची माहिती सगळ्यांना मिळणार होती, पण दवाखान्याने ती नव्या साच्यात भरली तरच. जुनी आवृत्ती ते एका दिवसात बंद करणार नव्हते, एकेक दवाखाना हळूहळू नवीवर नेणार होते.

माझं पान कोसळलं नाही. तेच तर त्याला शिकवलं होतं. ते रोज सकाळी विचारायचं, इंजेक्शन सांगतोस का, आणि दवाखाना नवीवर गेला असेल तर उत्तर यायचं नाही, की पान निमूटपणे त्या जागी राखाडी अक्षरं टाकायचं. आधी एक चौकोन गेला. मग त्याच्या शेजारचा. पावसाळा सुरू होईपर्यंत इंजेक्शनची सगळी रांग राखाडी झाली आणि व्हेंटिलेटरची निम्मी.

मी शहरातल्या कंपनीला मेल लिहिली. उत्तर आलं, अगदी अदबीचं. संस्थेने करार करावा, मग सगळं मिळेल. मी सरांना सांगितलं. सरांनी संस्थेला सांगितलं. संस्थेने एक ऑनलाइन बैठक ठेवली. पलीकडे एक साहेब होते, मागे पुस्तकांचं कपाट, आवाज मऊ. त्यांच्यापुढे आमच्या पानाचा मासिक अहवाल होता. तो कॉम्प्युटर आपोआप काढायचा. पान किती वेळ चालू होतं, किती वेळा बिघडलं, किती जणांनी उघडलं. हिरवी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"तुमचं पान तर एकदम स्थिर आहे," साहेब म्हणाले. "एकही बिघाड नाही. आमच्या दुसऱ्या जिल्ह्यांत रोज तक्रारी असतात."

"बिघाड नाही, पण माहितीच येत नाहीये," मी म्हटलं. "पान उघडतं, त्यात काही नसतं."

"पण खाटा दिसतात ना?"

"काही दवाखान्यांच्या दिसतात."

"आणि जिथे नाही तिथे फोन नंबर दिसतो. म्हणजे सोय आहेच की." ते खरंच समजावून सांगत होते. "कराराचा विषय आम्ही पुढच्या वर्षीच्या नियोजनात घेऊ."

सरांनी टेबलाखालून हाताने मला थांबायची खूण केली. मी थांबले.

सिस्टरला ते आधीच कळलं होतं. "पोरी, तुह्या पानाले काय झालं? आजाऱ्यावानी दिसून राह्यलं."

मी आवृत्त्यांचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे त्याह्यच्यापाशी हाये, पण ते सांगत नाई?"

"काहींच्या बाबतीत तसंच."

"काहून?"

मी पान बंद करून टॅब त्यांच्यापुढे ठेवला. त्या तरी रोज सकाळी ते उघडायच्या. सवय झाली होती म्हणून, की मी मधूनमधून उतरते म्हणून, माहीत नाही.

*

भादव्यातला शनिवार होता. ऊन होतं आणि घामाने कपडे अंगाला चिकटत होते. मी दुपारी केंद्रात उतरले तेव्हा सिस्टर जेवणाचा डबा उघडत होत्या. त्यांनी माझ्यासाठी भाकरीचा तुकडा मोडला, तेवढ्यात बाहेर ऑटो येऊन थांबला.

आत एक बाई होती, माझ्याच वयाची असेल. सोबत नवरा. रस्त्यापासून आत जंगलाच्या कडेला कोलामांची वस्ती आहे, इकडे तिला पोड म्हणतात, तिथून ते आले होते. नवरा दुसऱ्याच्या शेतात फवारणीला जायचा आणि ती त्याच्यासोबत. पंप पुरुषांच्या पाठीवर असतो, पण विहिरीवरून पाणी आणायचं, ड्रममध्ये औषध ओतायचं, हाताने ढवळायचं, हे काम बायांचं. तिच्या लुगड्याला कमरेपासून खाली तो उग्र वास होता.

सिस्टर जेवण सोडून उठल्या. डब्यातला हात त्यांनी साडीच्या पदराला पुसला आणि त्याच हाताने तिला धरून आत नेलं. कपडे काढले, साबणाच्या पाण्याने अंग धुतलं, केस धुतले. केंद्रातले डॉक्टर नुकतेच शिकून आलेले होते. त्यांनी बॅटरीने तिचे डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने परत दिलं. तिला उलट्या होत होत्या, तोंडातून लाळ येत होती, पण ती बोलत होती. नवरा दाराशी उभा होता, आत यायचं की नाही ते न कळून.

डॉक्टर बाहेर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "श्वास कमी पडतोय. व्हेंटिलेटर लागेल. कुठे पाठवायचं, पाहा."

सिस्टरने टॅब माझ्या हातात दिला. "तू पाह्य. मी फोन लावतो."

मी तिच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून पान उघडलं. ते लगेच उघडलं. दवाखान्यांची नावं खालोखाल आली. खाटा, एके ठिकाणी चार. खाटा, दुसऱ्या ठिकाणी एक. व्हेंटिलेटरच्या रांगेत वरपासून खालपर्यंत माझी राखाडी अक्षरं होती. मी बोटाने पान खाली ओढून पुन्हा ताजं केलं. पुन्हा तेच आलं. मी तिसऱ्यांदाही ओढलं.

ती माझ्याकडे पाहत होती. तिला मी अंधुक दिसत असेन. "ताई," ती म्हणाली, "तुमच्या त्याच्यात दिसते का, मले कोठी नेऊन राह्यले ते?"

"पाहते आहे," मी म्हटलं.

"लय दूर नोका नेऊ. याले वणीच्या पुढचा रस्ता नाई समजत." नवऱ्याबद्दल बोलत होती.

सिस्टर बाहेर फोनवर होत्या. एका ठिकाणी फोन वाजत राहिला. एका ठिकाणी म्हणाले, साहेबांना विचारून सांगतो. तिसऱ्या ठिकाणी कोणीतरी म्हणालं, आहे, पाठवा. सिस्टरने तीनदा विचारलं, "व्हेंटिलेटर म्हणतो मी, नुसती खाट नाई. हाये ना?" आहे म्हणाले.

ॲम्ब्युलन्स आली. नवऱ्याला खरंच काही माहीत नव्हतं, आणि रस्ता वणीवरूनच होता, म्हणून मी सोबत निघाले. डॉक्टरांनी एक नर्स दिली. ती तिच्या तोंडावर मास्क धरून हाताने रबरी फुगा दाबत होती. रस्ता कोळशाच्या ट्रकांनी फुटलेला. प्रत्येक खड्ड्याला नर्सचा हात चुकायचा आणि ती पुन्हा मास्क घट्ट धरायची. वणी आली. माझं घर तिथून जवळ होतं. मी उतरले नाही.

ज्या दवाखान्यात आहे म्हणाले होते तिथे पोचलो तेव्हा व्हेंटिलेटरवर दुसरा माणूस होता. तो आमच्या थोडाच आधी आला होता, दुसऱ्या तालुक्यातून, तोही फवारणीचाच. तिथल्या डॉक्टरांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. फोन आला तेव्हा ते मोकळं होतं. त्यांनी तिला तपासलं, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, नागपूरला न्या, इथे थांबून उपयोग नाही.

आम्ही नागपूरच्या रस्त्याला लागलो. मी फोनवर पान पुन्हा उघडलं. नागपूरच्या दवाखान्यांपुढेही तेच लिहिलेलं होतं. मी फोन पर्समध्ये टाकला आणि नर्सचा हात दुखायला लागला तेव्हा तिच्या जागी फुगा दाबायला बसले. तिने मला दाखवलं, किती जोराने, किती वेळाने. सूर्य खाली आला होता, दोन्ही बाजूंना कपाशी होती आणि त्यात अजून माणसं होती, पाठीवर पंप घेतलेली. वरोऱ्याच्या अलीकडे नर्सने माझा हात धरून थांबवला.

ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. नवरा पुढे बसलेला होता. तो खाली उतरून मागे आला, दार उघडं होतं, त्याने आत पाहिलं. मग मला विचारलं, "आता वापस जायचं का?"

"हो," मी म्हटलं.

तो पुन्हा पुढे जाऊन बसला.

*

सोमवारी मी ऑफिसात गेले आणि पान बदललं. व्हेंटिलेटरची सगळी रांग जर रिकामी असेल तर पान उघडायचंच नाही, असं केलं. नुसती लाल पाटी, तिच्यावर मोठ्या अक्षरात: हे पान वापरू नका, इथे माहिती येत नाही. मला ते सगळ्यांना दिसायला हवं होतं. सिस्टरला, संस्थेला, अहवाल वाचणाऱ्या साहेबांना. बिघाडांचा आकडा वर गेला असता आणि कोणीतरी विचारलं असतं, काय झालं.

विचारलं ते सरांनीच, त्याच दिवशी दुपारी. ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

"मले समजते तुले काय वाटून राह्यलं ते," ते म्हणाले. ते एरवी माझ्याशी पुस्तकातली मराठी बोलायचे. "पण हे पाहा. अजून दोन-तीन दवाखान्यांच्या खाटा येतात ना? लाल पाटी लावली तर त्याही दिसणार नाहीत. आणि संस्थेला लाल दिसलं की ते म्हणतील प्रकल्प फसला, बंद करा. मग सिस्टरकडे काय राहील?"

"आता काय आहे सर?"

"फोन नंबर तरी आहेत."

मी वाद घातला. मी म्हटलं, पान चालू दिसतं म्हणूनच कोणाला काही वाटत नाही. सर म्हणाले, बंद दिसलं तरी वाटणार नाही, तुला अनुभव नाही. आम्ही दोघंही खरं बोलत होतो असं मला वाटतं. त्यांनी शेवटी कपाळ चोळलं आणि म्हणाले, "पूर्ववत कर. मी बोलतो त्यांच्याशी पुन्हा."

मी पूर्ववत केलं. ते बोलले. त्यांच्या बोलण्याचं काही झालं नाही. हंगाम संपेस्तोवर खाटांचे उरलेले चौकोनही गेले. शेवटच्या दिवसांत पान उघडलं की दवाखान्यांची नावं, राखाडी अक्षरं आणि फोन नंबर एवढंच दिसायचं, आणि अहवालात हिरवी पट्टी अखंड.

मी संस्थेला एकदा स्वतःहून लिहिलं, सरांना न विचारता. त्या शनिवारी काय झालं ते सगळं लिहिलं, साध्या शब्दांत. उत्तर आलं. त्यांना फार वाईट वाटलं होतं, ते खरंही असेल. करारासाठी प्रस्ताव पाठवा, असं त्यांनी लिहिलं. मी तो पाठवला. उन्हाळ्यात त्यांनी कळवलं की या जिल्ह्यातलं काम ते थांबवत आहेत.

त्या दिवशी कुठे व्हेंटिलेटर मोकळं होतं का, हे मी शोधायचा प्रयत्न केला होता. कळलं नाही. होतं आणि आम्हाला दिसलं नाही, असंही असेल. कुठेच नव्हतं, असंही असेल. पान पूर्ण भरलेलं असतं तर त्यात सगळीकडे शून्य दिसलं असतं कदाचित.

मी पोडावर एकदा गेले होते, सिस्टरसोबत. नवरा घरी नव्हता. त्याची आई अंगणात साठवणीतली मोहाची फुलं उन्हाला घालत होती. तिने आम्हाला पाणी दिलं आणि सांगितलं की तो कामावर गेला. कोणत्या कामावर, असं मी विचारलं. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "ऊस नाई, संत्रा नाई, या भागात फवाऱ्याबिगर काम कोन्तं अस्ते पोरी." आम्ही थोडा वेळ बसलो. निघताना म्हातारीने सिस्टरच्या हातात ओंजळभर फुलं घातली.

*

पुढे सिस्टरची बदली फुलसावंगीला झाली. ते जिल्ह्याचं दुसरं टोक, माझ्या रस्त्यावर नाही. अम्मी गेल्यानंतर मला वणीला येण्याचीही घाई राहिली नव्हती. मी यवतमाळची नोकरी सोडून नागपूरला लागले होते, एका कंपनीत, जिथे लोक घरबसल्या चपला आणि पडदे मागवतात. तिथेही मी तेच लिहायचे. ही सोय आहे का, असेल तर दाखव, नसेल तर लपव. पडदे दिसले नाहीत तर कोणाचं काही जात नाही, म्हणून मी तिथे टिकले.

एका पावसाळ्यात काही कामाने त्या बाजूला गेले आणि त्यांना भेटले. केंद्र मोठं होतं, फरशी नवी होती. सिस्टर थकल्या होत्या. टेबलावर नवा टॅब होता, दुसऱ्याच कोणाच्या योजनेतला, दुसऱ्याच कंपनीने केलेलं पान. मी सवयीने हातात घेतला. पान उघडलं. दवाखाने, चौकोन, रंगीत, आमच्यापेक्षा सुरेख.

"हे चालतं का?" मी विचारलं.

"चालते," त्या म्हणाल्या. "काही चौकटी भरते, काही नाई. मी पाहतच नाई आता."

"मग पेशंट आला तर कुठे विचारता?"

"कोठीच विचारत नाई." त्यांनी चहाची बशी माझ्याकडे सरकवली. "जे जवळ हाये तथी धाडतो. विचारण्यात टाइम जाते आणि वाटते का आपण काहीतरी करून राह्यलो. गाडी बलावतो आणि बसवून देतो."

"आणि तिथे नसलं तर?"

"नसलं तर नसलं."

त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. बाहेर पाऊस थांबला होता. एक माणूस पायरीवर बसून डोळे चोळत होता, त्याची बायको त्याच्या पाठीवरचा शर्ट वर करून पाहत होती. सिस्टर उठल्या. मला म्हणाल्या, "तू बस, चहा घे," आणि बादली भरायला गेल्या.

मी चहा घेतला. मग मीही उठून साबण शोधायला लागले.